कटर मशीन आणि जुनी येझडी: खानापूरकडच्या नवख्यांसाठी

माझी पहिली कटर मशीन एक टाकीसुद्धा पुरती चालली नाही. वळवाच्या वाऱ्यात जांबोटीकडच्या बांधावरचा ऑस्ट्रेलियन बाभळीचा जुना सोट आडवा झालेला, मी उत्साहानं नवीन चेन सॉ घेतली, कॅनमधून पेट्रोल आणलं, ओतलं आणि दोरी ओढली. दहा मिनिटं एकदम झकास, मग आवाज हळूहळू चढत किंचाळल्यासारखा झाला आणि मशीन खट्टकन बंद. दोरी ओढायला गेलो तर हलेना. मिस्त्रीकडं नेली तर त्यानं काही न बोलता सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले, आतल्या भोकातून टॉर्च मारला आणि मला बघायला लावलं. पिस्टनवर उभे चरे, जणू कोणीतरी कानशीनं ओढलेत.

"काय गा, ह्यात तेल कुठं हाय? कोरडंच पळवलास की."

मी म्हटलं, तेल घातलंय की, चेनच्या टाकीत. तर तो हसला आणि बाहेर उभ्या केलेल्या माझ्याच गाडीकडं बोट करून म्हणाला, "येझडीत तेल मिसळून पेट्रोल मारतोस न्हवं? ही तिचंच पोर हाय."

हे वाक्य मला दोन हजार रुपयांच्या पिस्टन-सिलेंडरला पडलं, तुम्हाला फुकट. आमच्याकडं आता शेताला मजूर मिळत नाहीत म्हणून घरोघरी कटर आणि गवत कापायची मशीन यायला लागलीय, आणि दुसरीकडं पोरांना आजोबांची येझडी नाहीतर राजदूत अडगळीतून काढायची हौस आलीय. दोन्ही कामं एकच माणूस करत असतो पण दोन्हींचं इंजिन एकाच जातीचं, टू-स्ट्रोक, आहे हे त्याच्या डोक्यात येत नाही. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो, ज्या क्रमानं तुम्हाला लागेल त्या क्रमानं.

सगळ्यात आधी तेल

टू-स्ट्रोक इंजिनला खाली तेलाची टाकी नसते. बुलेटमध्ये, स्प्लेंडरमध्ये खाली इंजिन ऑइल असतं, ते फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँकच्या खोलीत जातं आणि मग वर सिलेंडरमध्ये, त्यामुळं बेअरिंगला, पिस्टनला जे काही तेल मिळायचं ते पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कोरडं असलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलेंडरला धरतो. एवढंच झालं माझ्या मशीनचं.

प्रमाण: चांगल्या कंपनीचं चेन सॉचं तेल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १००. साधं टू-टी तेल असेल किंवा मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली. येझडीला मी लिटरला ४० घालतो. मशीनचं पुस्तक जे सांगतं ते पहिलं, मिस्त्री सांगतो ते दुसरं, शेजारी सांगतो ते तिसरं. "थोडं जास्तच घाल, काय होत नाही" असं शेजारी हमखास सांगतो, पण होतं. तेल जास्त म्हणजे त्याच घोटात पेट्रोल कमी, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं, शिवाय प्लग काळा ओला होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून दम कोंडतो.

गाडीच्या इंजिनमधलं २०डब्ल्यू४० तेल ह्यात चालत नाही, ते जळत नाही, चिकटून बसतं. बोटीच्या इंजिनचं टू-स्ट्रोक तेलही नको, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांचं असतं. आणि यामाहा आरएक्स १०० असेल तर टाकीत तेल मिसळूच नका, तिला वेगळी तेलाची टाकी आणि ऑटोल्यूब पंप आहे, फक्त ती टाकी रिकामी होऊ देऊ नका. येझडीत असा पंप फक्त ऑइल किंग मॉडेलला आला, बाकीच्यांना नाही.

माझी पद्धत अशी की पाच लिटरचे दोन पत्र्याचे कॅन, एकाच्या मुठीला तांबडं फडकं बांधलेलं, तो मिसळलेला, दुसरा कोरडा. आधी कॅनमध्ये तेल, त्यावर अर्धं पेट्रोल, हलवायचं, मग उरलेलं, परत हलवायचं. टाकीत ओततानापण एकदा हलवायचं. महिनाभरापेक्षा जुनं मिश्रण वापरायचं नाही. हल्ली पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात इथेनॉल असतं, वीस टक्के इथेनॉलचं ई२० तर २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच बेंगळूरात सुरू झालं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळ्यात तर भिंतीलाही पाझर फुटतो, पेट्रोलचं काय घेऊन बसलाय. पाणी तळाला बसतं, तेल वर राहतं आणि कार्ब्युरेटरमध्ये जातं ते भलतंच.

मशीन घेताना

शेतातल्या कामाला ४५ ते ५० सीसीची, १६ किंवा १८ इंची बारची (बार म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती पट्टी) मशीन पुष्कळ झाली. बाजारात ५८ सीसी म्हणून स्वस्त मशिनी दिसतात, २२ इंची बार लावून दाखवतात, बघायला दणदणीत. त्या चालत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण लांब बार म्हणजे टोक कुठं लागतंय हे नवख्याला कळत नाही आणि अपघात टोकानंच होतो. स्टिल किंवा हुस्कवर्ना घ्या नाहीतर देशी ब्रँड घ्या, मी एकच गोष्ट विचारतो: हिचा डायफ्राम (कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा), क्लच ड्रम आणि दोरीची स्प्रिंग आत्ता ह्या काउंटरवर दाखव. दाखवता आलं नाही तर दुकान बदलायचं.

बारच्या मुळाशी आकडे कोरलेले असतात, चेनचा पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर (.३२५ किंवा ३/८), खाचेची जाडी (.०५० किंवा .०५८), आणि खालच्या दातांची संख्या. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुकानात जाऊन "१८ इंची चेन द्या" म्हटलं की चुकीची चेन मिळायची पूर्ण खात्री.

गवत कापायच्या मशीनबद्दल जास्त सांगत नाही, तिथंही तेलाचं तेच, फक्त काजूच्या बागेत नायलॉन दोरीचं डोकं लावा, पातं नको, कारण आमच्या तांबड्या मातीत जांभ्याचे चिरे कुठं वर आलेत ते गवतात दिसत नाही. गॉगल मात्र लावायचाच.

चालू करणं

मशीन जमिनीवर, चेन ब्रेक पुढं ढकललेला, डावा हात पुढच्या मुठीवर सरळ, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत. हवेत लोंबकळत धरून दोरी ओढणारे भरपूर बघितलेत, यूट्यूबवर ते स्टाईल वाटतं, मांडीला लागलं की कळतं. चोक ओढून तीन-चार वेळा, एकदा "फुस्स" असं खोकली की चोक आत आणि परत ओढायची. नवखे इथंच फसतात, तो खोकला ऐकू येत नाही आणि चोकवरच वीस वेळा ओढत बसतात, प्लग ओला होतो. मग प्लग काढा, पुसा, प्लग बाहेर ठेवूनच दहा वेळा दोरी ओढा, दहा मिनिटं बिडी न ओढता थांबा, लावा.

चेनची ऑइल टाकी वेगळी. साधारण एक टाकी पेट्रोल संपलं की एक टाकी तेल संपलं पाहिजे. टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून एकदा रेस करा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचं काढलेलं जळकं तेल घालतात ते मला पटत नाही, त्यात लोखंडाचा कीस असतो, तेलाच्या बारीक पंपाची वाट लागते आणि दिवसभर तेच काळं तेल तुमच्या हातावर आणि तोंडावर उडतं.

धार, खरं काम इथं आहे

नवीन मशीन घेतल्यावर पहिल्याच दिवशी धार लावायला शिका, नंतर नाही. चेन धारदार आहे का हे ओळखायला दाताला बोट लावायची गरज नाही, खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील, पोह्यांसारख्या, तर ठीक. पीठ पडायला लागलं, भाकरीच्या पिठासारखं, तर धार गेली. मग माणूस काय करतो, मशीन दाबतो. दाबली की बार तापतो, निळा पडतो, क्लच घसरतो, आणि माणूस म्हणतो मशीनच भिकार आहे.

जमिनीत रुतवलेल्या ओंडक्यावर एक आडवी खाच पाडा, त्यात बार ठोकून बसवा, हीच आपली वाईस. चेन जराशी ताणा. एका दातावर खडूनं खूण करा म्हणजे कुठून सुरू केलं ते कळेल. गोल कानस .३२५ ला ४.८ मिलीमीटर, छोट्या ३/८ ला ४ मिलीमीटर. मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, चेनच्या डब्यावर लिहिलेलं असतं. दाताच्या वरच्या कडेवर एक तिरकी रेघ कोरलेली असते, ३० अंशाची, कानस त्या रेघेला समांतर धरायची आणि तिचा पाचवा हिस्सा दाताच्या वर डोकावला पाहिजे. आतून बाहेर, एकाच दिशेनं. ढकलताना दाब, परत आणताना उचलायची, मागंपुढं घासायची नाही. दोन किंवा तीन हात, सगळ्या दातांना सारखेच मोजून. एका बाजूचे दात झाले की ओंडक्याच्या पलीकडं बसा आणि दुसऱ्या बाजूचे करा.

उजव्या हाताच्या माणसाचा एक बाजूला जोर जास्त पडतो, त्यामुळं त्या बाजूचे दात लवकर आखूड होतात आणि मग कापताना मशीन केळ्यासारखी वळत जाते. माझा पहिला महिना असाच गेला, सगळे ओंडके तिरके, बायको म्हणाली चुलीत सगळे सारखेच जळतात, पण मला रात्री झोप लागेना. शेवटी व्हर्निअर आणून सगळ्यात आखूड दात मोजला आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणले.

प्रत्येक दाताच्या पुढं एक बुटकी नाकाडी असते, रेकर म्हणतात. दात किती खोल घुसेल हे ती ठरवते. चार-पाच वेळा धार लावली की दात खाली जातो पण नाकाडी तेवढीच राहते, मग धार असूनही पीठच पडतं. पट्टीच्या कानशीनं ती खाली आणायची, दातापेक्षा साधारण ०.६५ मिलीमीटर बुटकी, गेज मिळतं, ते लावूनच. डोळ्याच्या अंदाजानं खाली केलीत तर मशीन झाडात गचकन अडकते आणि मनगट हिसकते.

आणि धार जाते कशानं? एक सेकंद मातीला लागली तरी जाते. दुसरं म्हणजे बांधावरच्या झाडाच्या पोटातली तार. जुन्या माणसांनी काटेरी तार झाडालाच खिळ्यानं मारलेली असते, झाड तीस वर्षांत ती गिळून टाकतं, वरून काही दिसत नाही. बांधावरचं झाड असेल तर कंबरेच्या उंचीला साल सुजलेली, काळपट डाग आहे का ते बघा, आणि शक्यतो त्याच्या वीतभर वर किंवा खाली कापा. एकदा ठिणग्या उडाल्या की तेरा-चौदा दात गेलेच.

कापताना

पहिल्या वर्षी उभं झाड पाडायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पडलेल्या झाडावर शिका. त्यातच पुष्कळ शिकण्यासारखं आहे.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल आणि मध्ये पोकळी असेल तर वरची बाजू दाबात असते, खालची ताणात. वरून सरळ कापत गेलात तर बार मध्येच चावून धरला जातो. म्हणून वरून एक तृतीयांश आणि मग खालून वर. एकच टोक टेकलंय आणि दुसरं अधांतरी असेल तर बरोबर उलटं, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर खिशात असू द्या, अडकली तर मशीन बंद करून पाचर मारायची, मशीन चालू ठेवून ओढाताण नाही. लोखंडी पाचर वापरणाऱ्याला चेन फुकट येत असणार.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग, तो कशालाही टेकू द्यायचा नाही. तिथं टेकली की मशीन झटक्यात तोंडाकडं येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यासाठीच तो पुढचा ब्रेक असतो. आणि रानबिब्बा ओळखायला शिका, कापताना त्याचा चीक अंगावर उडाला तर फोड येऊन आठवडाभर गप्प बसावं लागतं. हेल्मेट, कानाला, डोळ्याला, पायाला जाड पँट किंवा चॅप्स, हे सगळं सांगायचं म्हणून सांगत नाही, आमच्या गावात एकाच्या गुडघ्याची खूण बघून सांगतोय.

उभं झाड पाडणारा अनुभवी माणूस तुम्ही बोलवाल, तेव्हा त्याच्या मागं उभं राहून एवढं बघा: पडायच्या बाजूला तो व्यासाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढी पाचरीची खाच काढतो, मागून कापताना पूर्ण कापत नाही, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची बिजागरी ठेवतो, त्या बिजागरीवरच झाड वळतं. आणि पळायची वाट आधीच साफ करून ठेवतो, पडायच्या दिशेच्या उलट तिरकी, अगदी मागं नाही. जो माणूस वाट साफ न करता सुरू करतो त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

कागद

आपल्याच शेतातलं झाड म्हणून उठून कापता येत नाही. कर्नाटकात १९७६ चा झाडं जपायचा कायदा आहे, झाड तोडायला वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ असल्या काही जातींना त्यात सूट आहे, पण सागवान, चंदन, फणस, ऐन, किंजळ ह्यांच्याबद्दल विचारल्याशिवाय मशीन हातात घेऊ नका. आणि आमचं तर सीमेवरचं, शेत चंदगडात, घर बेळगावात. लाकूड टेम्पोत भरून तपासणी नाक्यावरून आणायचं तर वाहतुकीचा पास वेगळा, त्यात दोन राज्यांचे नियम वेगळे. लाकूड भरण्याआधी विचारा, नाक्यावर उभं राहून नाही.

आता येझडी

येझडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, १९६१ पासून तिथं गाड्या निघत होत्या आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. रोडकिंग १९७८ ला आली. आता नव्या नावानं जी येते, २०२२ पासून, ती वेगळी, ती फोर-स्ट्रोक, तिच्याबद्दल हे काही लागू नाही. जुनीला गिअर आणि किक एकाच दांड्याला, दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. नवख्या माणसाला हे सांगावंच लागतं, एक पाहुणा अर्धा तास किक शोधत होता.

घेताना आधी आरसी बघा, मग गाडी. चासिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, प्लेट नव्यानं रिबीट मारलेली दिसली तर चार प्रश्न जास्त विचारा. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी परत करून घ्यावी लागते, नंतर दर पाच वर्षांनी. आणि कोल्हापूरची, एमएच-०९ ची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आणून बेळगावच्या, केए-२२ च्या भागात कायम ठेवणार असाल तर एनओसी घेऊन बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा. आमच्याकडं निम्मी गल्ली हे करत नाही, ते सोडा, तुम्ही करा.

गाडी बघायला जायच्या आधी मालकाला सांगा की तापवून ठेवू नका, थंड पाहिजे. इंजिनला हात लावून बघा. मग किक हळूच हातानं दाबा, वर दाब जाणवला पाहिजे. सुरू झाल्यावर सुरुवातीचा निळसर धूर चालतो, गरम झाल्यावरही ढगच निघत असेल तर क्रँकचे सील गेलेत, गिअर ऑइल ओढतेय. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकून चढाला दाबा, गिअर सुटून परत येतो का बघा. बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन बसवायचं काम बेळगावच्या उद्यमबागेत चांगलं होतं, लेथवाले आहेत, त्यामुळं बोअरला घाबरायचं नाही, गिअरबॉक्सला घाबरायचं.

चालवताना एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. कणकुंबीहून चोर्ला घाट उतरताना आपण ॲक्सिलेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये घालतो, बुलेटला ते बरोबर आहे. टू-स्ट्रोकमध्ये ॲक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि चाकं मात्र इंजिन फिरवतच असतात. म्हणून उतारावर थोड्या थोड्या वेळानं एकदा ॲक्सिलेटर उघडायचा, एक घोट तेल आत जाऊ द्यायचं. टू-स्ट्रोक तशीही इंजिननं फारशी थांबत नाही, ब्रेकचे लायनर घाटाआधी बघून घ्या.

शेताच्या वाटेवर मागचं स्प्रॉकेट दोन-चार दात मोठं लावलं की चढ सोपा जातो, हायवेवर वेग कमी होतो, ते चालतंय. ओढ्यात घालताना आधी पायी जाऊन खोली बघा. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं तर परत परत किक मारू नका, प्लग काढा, पाणी बाहेर पडेपर्यंत हलकी किक मारा, पॉइंट पुसा. आणि भीमगड अभयारण्याच्या बाजूला, हेम्मडगा-तळेवाडीच्या वाटांवर "ऑफरोडिंग" करायला जाऊ नका, ते २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय शिरलात तर गुन्हा, आणि गव्याला हॉर्न कळत नाही.

कटर मशीन येझडीवर बांधून न्यायची असेल तर बारला कव्हर, दोन्ही टाक्या रिकाम्या, मागच्या कॅरिअरला आडवी, पोत्यावर. हँडलला लटकवून नेणारे दिसतात, वळणावर ते वजन गुडघ्यावर येतं.

मिरगाच्या आधी

पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन्हींचं पेट्रोल काढायचं. मशीनची टाकी रिकामी करून तशीच सुरू करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटरमधलंही संपतं, नाहीतर ऑक्टोबरात डायफ्राम पापडासारखा कडक झालेला सापडतो. चेन काढून तेलात बुडवून डब्यात ठेवा. येझडीचा पेट्रोल कॉक बंद करून ती पण अशीच बंद पडू द्या. मग प्लग काढा, चमचाभर टू-टी तेल आत सोडा, दोन-तीन किक हळू मारा, प्लग परत लावा आणि किक दाबत जिथं जड लागते तिथंच सोडा, त्या जागेवर पिस्टननं सायलेन्सरकडचं भोक झाकलेलं असतं, ओल आत जात नाही. सायलेन्सर दोन असतात, दोन्हींच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबा. दसऱ्याला काढायला विसरू नका, मी विसरलो होतो.